स्टरलाइज करणे म्हणजे नक्की काय करणे? (आमरस, सोसायटीची कुत्री आणि भाचीची आंब्याची पेटी)

खडीसाखर

मंडळी, प्रश्न बावळट वाटेल पण विचारतेच. यंदा आमरस घरी बाटल्यांत भरून ठेवायचा बेत आहे. ज्या ज्या रेसिप्या बघितल्या त्यात "बाटल्या स्टरलाइज करून घ्या" एवढं लिहून सगळे पुढे जातात, मग कोणी म्हणतं उकळा, कोणी म्हणतं ओव्हनमध्ये ठेवा, कोणी म्हणतं नुसतं कडक पाण्याने विसळलं तरी चालतं. त्यात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज, सोमवारी कुत्र्यांचं स्टरलायझेशन आहे, गाडी येणार, गेट उघडं ठेवा. आमच्या साबांनी (सासूबाईंनी) तो मोठ्याने वाचला आणि "म्हणजे आता कुत्र्यांनाही उकळणार का" असं विचारलं, त्या गंमत करत होत्या की खरंच विचारत होत्या ते अजून कळलेलं नाही.

आणि भाची न्यू जर्सीला असते, तिने हापूसची पेटी आणली, त्यावर रेडिएशन दिल्याचं लिहिलंय. दुकानदार म्हणाला घाबरू नका, स्टरलाइज केलेले आहेत. तिचं म्हणणं, स्टरलाइज केलेत तर मग दोन आंबे देठाशी काळे कसे पडले?

तर हे तिन्हीकडे एकच काम चालतं का वेगवेगळं? आणि माझ्या बाटल्यांचं काय करू?

---

लॅबवाला

काकू, प्रश्न बावळट अजिबात नाही, बीएस्सीच्या पोरांना मी दरवर्षी पहिल्या प्रॅक्टिकलला हेच विचारतो आणि निम्मी पोरं "स्वच्छ करणे" असं सांगतात.

सूक्ष्मजीवशास्त्रात स्टरलाइज म्हणजे त्या वस्तूवर जिवंत काहीही शिल्लक नाही, बॅक्टेरिया नाहीत, बुरशी नाही, आणि मुख्य म्हणजे बॅक्टेरियांचे बीजाणूही नाहीत. थोडंसं स्टरलाइज असं काही नसतं. सगळी गोम त्या बीजाणूंत आहे. काही बॅक्टेरिया, उदा. धनुर्वाताचे किंवा बॉट्युलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे), परिस्थिती वाईट झाली की जाड कवचात जाऊन बसतात आणि साध्या उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत. म्हणून ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेचं यंत्र. पाश्चरचा सहकारी शँबरलँड, त्याने १८७९ मध्ये तो काढला. १५ पौंड दाब, १२१ अंश, १५ ते २० मिनिटं. आपला घरचा कुकर साधारण त्याच दाबावर चालतो, गावाकडच्या कितीतरी कॉलेजांत आजही मीडिया (जंतू वाढवायचं खाद्य) कुकरमध्येच लावतात. फक्त एक करायचं, आधी शिट्टी न लावता वाफ जोरात येऊ द्यायची आणि मगच शिट्टी लावायची, आत हवा कोंडलेली राहिली तर दाब दिसतो पण तापमान तेवढं चढत नाही.

आता तुमच्या बाटल्या. त्या उकळल्या की शास्त्राच्या भाषेत स्टरलाइज होत नाहीत, आणि आमरसाला तशी गरजही नाही. आंबट पदार्थात, पीएच ४.६ च्या खाली, बॉट्युलिझमचे बीजाणू असले तरी ते उगवत नाहीत. यीस्ट, बुरशी, बाकीची मंडळी उकळण्याने मरतात. तेवढं पुरतं.

---

कोकणी_फणस

+१ लॅबवाला. आमच्याकडे डागी, लहान, झाडावरून पडलेला आंबा "कॅनिंगला" जातो, बागायतदार बोलताना सरळ "कॅनिंगचा भाव काय फुटला" असंच बोलतात. तिकडे डबे सील करून उकळत्या पाण्याच्या टाकीत सोडतात, कुकरबिकर काही नाही, आणि तो रस वर्षभर टिकतो.

घरी करताना असं करा. रस गाळून जाड बुडाच्या पातेल्यात गरम करा, उकळी फुटायच्या जरा अलीकडे थांबा, किलोमागे ३ ते ५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड घाला, हे विसरू नका कारण हापूस पूर्ण पिकला की आंबटपणा बराच उतरतो. बाटल्या उकळत्या पाण्यातून काढून गरमच असताना रस गळ्यापर्यंत भरा, झाकण घट्ट लावा, मग त्या भरलेल्या बाटल्या पातेल्यात तळाला फडकं घालून पाण्यात बुडवा आणि अर्धा तास उकळा. बाटल्या नळाखाली एकदम थंड करू नका, काच तडकते. नंतर झाकण वर फुगलेलं दिसलं किंवा उघडताना फस्सकन आवाज आला तर वास घेत बसायचं नाही, ओतून द्यायचं.

---

खडीसाखर

बापरे किती नीट सांगितलंत, धन्यवाद! म्हणजे रिकाम्या बाटल्यांपेक्षा भरलेल्या बाटल्या उकळणं महत्त्वाचं, हे एकाही रेसिपीत नव्हतं. आमच्या आईकडे लोणच्याच्या बरणीला हिंगाची धुरी द्यायचे, ते काय मग?

---

लॅबवाला

धुरीने पृष्ठभागावरची बुरशी थोडीफार कमी होते आणि बरणी कोरडी होते. लोणचं टिकतं ते मीठ, आंबटपणा आणि वरच्या तेलाच्या थरामुळे. धुरी द्याच पण, वास छान येतो.

---

ओटीतली_सिस्टर

मी एका हॉस्पिटलात ओटीला (ऑपरेशन थिएटरला) आहे. लॅबवाल्या सरांनी लिहिलं ते बरोबरच, थोडी भर घालते. आमच्याकडे दिवस सुरू होतो तो "ड्रम लावले का" या प्रश्नाने. ड्रम म्हणजे गॉज, गाऊन, कापडं ठेवायचे स्टीलचे डबे, त्यांना बाजूला भोकं असतात, ऑटोक्लेव्हमध्ये जाताना भोकं उघडी ठेवायची आणि बाहेर आल्या आल्या पट्टी सरकवून बंद करायची. नवीन मुली हमखास उलटं करतात. वर जी टेप चिकटवतो तिच्यावरच्या फिक्या रेघा गरम झाल्यावर काळ्या होतात. पण टेप काळी झाली म्हणजे माल स्टराइल झाला असं नाही हां, ती फक्त सांगते की हा डबा आत जाऊन आला. खरी खात्री करायला बीजाणूंची छोटी कुपी आत ठेवून नंतर ती उबवून बघतात, काही उगवलं नाही तर पास.

आणि स्पिरिट लावून सुई "स्टरलाइज" केली असं म्हणणारे डॉक्टरसुद्धा बघितलेत. स्पिरिटने बीजाणू मरत नाहीत. ७० टक्क्यांचं वापरतात कारण त्यात पाणी असतं, अगदी शुद्ध अल्कोहोल जंतूंवर उलट कमी चालतं. ते त्वचेवर ठीक आहे, सुईला नाही.

---

जुनी_कागदपत्रं

बीजाणूंचा विषय निघालाच आहे तर मुंबईची एक जुनी गोष्ट सांगतो, थोडं अवांतर होईल पण सांभाळून घ्या.

परळला हाफकिन इन्स्टिट्यूट आहे ती ज्या वाल्डेमार हाफकिनच्या नावाने, त्याने प्लेगची लस मुंबईतच बनवली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे मागणी इतकी वाढली की लस भराभर तयार करणं भाग पडलं, आणि त्याने लशीत कार्बोलिक ॲसिड हे जंतुनाशक घालायची पद्धत सोडून उष्णतेवर भर दिला. ऑक्टोबर १९०२, पंजाबात मुलकोवाल नावाचं गाव. त्या दिवशी १०७ लोकांना लस टोचली, त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते १९ही गेले. त्या १९ही जणांना एकाच बाटलीतली लस दिली होती.

झालं, खापर फुटलं ते मुंबईच्या प्रयोगशाळेवर, म्हणजे हाफकिनवर. त्याला पदावरून दूर केलं. नंतर कागद नीट तपासल्यावर बाहेर आलं ते असं, की गावात बाटली उघडताना बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातातून जमिनीवर पडला होता, त्याने तो कार्बोलिकमध्ये जरासा बुडवला, ज्योतीवर धरला नाही आणि त्यानेच बूच काढलं. आणि बाटली उघडली तेव्हा लशीला काही वास नव्हता, धनुर्वाताचे जंतू मुंबईपासून आत वाढत असते तर दुर्गंधी आलीच असती. हे ब्रिटिश वर्तमानपत्रांत लावून धरणाऱ्यांत रोनाल्ड रॉस होता, मलेरियावाला. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरला पण मुंबईची प्रयोगशाळा काही त्याला परत मिळाली नाही. १९२५ मध्ये तिला त्याचं नाव दिलं गेलं, तोवर तो भारत सोडून गेलेला होता.

माझं मत विचाराल तर त्या मदतनिसाचीही फार चूक म्हणता येत नाही. कार्बोलिक म्हणजे जंतुनाशक, त्यात बुडवलं की झालं, असंच त्याला वाटलं असणार.

---

लॅबवाला

वा! हे वर्गात सांगणार. आणि सिस्टर म्हणतात तोच मुद्दा, कार्बोलिकने साधे जंतू मरतात, मातीतले धनुर्वाताचे बीजाणू क्षणभर बुडवून मरत नाहीत. ज्योतीवर लाल केला असता चिमटा तर प्रश्नच नव्हता.

---

हडसनकाठ

मी पण जर्सीतच आहे. इथे दर सीझनला पटेल काकांच्या दुकानात पेट्या येतात, किंमत विचारू नका. पण मलाही हे कधी कळलं नाही, रेडिएशन देतात तर आंबा आतून शिजल्यासारखा का होत नाही आणि सडतो कसा? शिवाय ते किरणोत्सारी वगैरे होत नाहीत ना? इथल्या एका मैत्रिणीने भीतीपोटी पेटी परत केली होती.

---

निफाडचा_कांदा

हे आमच्या गल्लीतलं, म्हणून लिहितो. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' नावाचं केंद्र आहे, मूळ उभं केलं ते कांद्यासाठी. आत कोबाल्ट-६० चा स्रोत, एरवी खाली ठेवलेला, काम सुरू करताना वर काढतात आणि क्रेट त्याच्याभोवती फिरवतात. कांद्याला ६० ते ९० ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक) एवढीच मात्रा, त्याने डोळ्याला कोंब फुटत नाही. पण कांदा सडायचा तो सडतोच, त्यातले जंतू एवढ्याशा मात्रेला जुमानत नाहीत. आमच्याकडे सुरुवातीला शेतकऱ्यांचा हाच गैरसमज होता, की एकदा आत फिरवून आणला की चाळीत कसाही टाका.

आंब्याचं असं झालं. १९८९ पासून भारतीय आंबा अमेरिकेत जातच नव्हता. २००६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बुश आले तेव्हा बोलणी झाली आणि २००७ च्या एप्रिलात लासलगावहून पहिला माल गेला. नंतर वाशीला पणन मंडळाचंही केंद्र झालं. अमेरिकन कृषी खात्याचा इन्स्पेक्टर इथे येऊन समोर उभा राहून पेट्या पास करतो, म्हणून करोनात दोन सीझन निर्यात बंद होती, माणूसच येऊ शकत नव्हता.

अट काय, तर किमान ४०० ग्रे. त्यांना भीती कशाची? फळमाशी आणि कोयीतला भुंगा. हा भुंगा कोयीच्या आत बसतो, बाहेरून आंबा एकदम निर्मळ दिसतो. गरम पाण्याने त्याला मारायचं म्हणजे आधी आंब्याचाच पन्हं होणार. ४०० ग्रे मध्ये तो भुंगा लगेच मरतोच असं नाही बरं का! कधी कधी तिकडे पेटी उघडल्यावर जिवंत सापडू शकतो आणि तरी माल पास असतो, कारण त्याला पुढे पिल्लं होणार नाहीत. अमेरिकेला तेवढंच हवंय, की तो तिथे घर करून वंश वाढवणार नाही.

म्हणजे खडीसाखर ताई, भाचीच्या दुकानदाराने सांगितलं ते खरं आहे, पण स्टरलाइज झालाय तो भुंगा. आंब्यावरची बुरशी आहे तशीच आहे, देठाशी काळं पडणं तिच्यामुळे.

---

लॅबवाला

एक नंबर. आकडा जोडतो. सिरिंज, गॉज वगैरे गॅमा किरणांनी खरोखर निर्जंतुक करायला २५,००० ग्रे लागतात, ट्रॉम्बेला 'आयसोमेड' १९७४ पासून हेच काम करतं. आंब्याला ४००. हापूसला २५,००० दिले तर तो खाण्याच्या लायकीचा राहणार नाही. आणि हडसनकाठ, किरणोत्सारी होत नाही. कोबाल्टच्या गॅमा किरणांत पदार्थाला किरणोत्सारी करण्याइतकी ऊर्जाच नसते. मैत्रिणीला सांगा पुढची पेटी तुमच्याकडे पाठवायला :)

---

टोणगा

थोडक्यात आंब्यातल्या भुंग्याची नसबंदी केंद्र सरकारच्या खर्चाने. संजय गांधी असते तर खूश झाले असते. हलके घ्या.

---

सांजवेळ

टोणगा, हलके घेतलं, पण या विषयावर हसू थोडं जपून येतं. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यात बहुतेक पुरुष होते, आणि कशा झाल्या ते माहीत आहेच. आपलं राज्यही मागे नव्हतं, १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही. त्यानंतर पुरुषांच्या ऑपरेशनचं नावच कोणी काढेना. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांची शस्त्रक्रिया ३७.९ टक्के आणि पुरुषांची ०.३. बिनटाक्याची पुरुष नसबंदी काही मिनिटांत होते, माणूस चालत घरी जातो, तरी टेबलावर बाईच. मी आरोग्य खात्यात होते, "ह्यांना कामावर जायचं असतं हो" हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय. बाईला घरी काय आराम असतो?

आणि कुत्र्यांचं वेगळं आहे, साबांना सांगा. माणसात फक्त नळी बांधतात किंवा कापतात, बीजकोश, अंडकोश जागेवरच राहतात, हार्मोन्स तशीच, पाळी तशीच. पुरुषांनी ऑपरेशननंतर तीन महिने काळजी घ्यावीच लागते, लगेच निर्धास्त व्हायचं नाही, हे शिबिरात घोकून सांगावं लागायचं. कुत्र्यात मादीचा गर्भाशय आणि बीजकोश दोन्ही काढतात आणि नराचे अंडकोश काढतात, म्हणजे बैलाचं खच्चीकरण करतात तसंच. मग कानाला खाच पाडून, रेबीजची लस देऊन ज्या गल्लीतून उचललं तिथेच परत सोडतात. कान कापलेलं कुत्रं दिसलं की ओळखायचं. परत का सोडतात म्हणून आमच्याकडे भांडणं झाली होती. नाही सोडलं तर रिकाम्या जागेत दुसरी येतात, ती ऑपरेशन न केलेली.

---

वऱ्हाडी_ठेचा

निफाडच्या भाऊंनी भुंग्याचं लिवलं ते वाचून आमचं दुखणं आठवलं, गुलाबी बोंडअळी. २०१७ ले आमच्या यवतमाळकडे तिनं कपाशीचं काय केलं ते सांगायची गरज नाही.

तर अमेरिकेत हीच अळी होती आणि २०१८ मध्ये त्यांनी ती कापसातून संपली म्हणून जाहीर केलं. कशी, तर कारखान्यात पतंग पाळायचे, त्यांच्या खाद्यात लाल रंग मिसळायचा म्हणजे सापळ्यात घावला तर आपला कोणता अन् रानातला कोणता ते कळतं, मग किरणं द्यायचे अन् विमानातून शेतावर सोडायचे. रानातली मादी अशा पतंगाशी जोडली गेली की अंडी फुकट. ही आयडिया निपलिंग नावाच्या माणसाची, त्याने आधी जनावरांच्या जखमेत पडणाऱ्या माशीवर केली होती, १९५४ मध्ये कुरासाव बेटावर.

---

टोणगा

मग आपल्याकडे का नाही करत? किरणं आहेत, भाभा केंद्र आहे, पतंग तर फुकट आहेत.

---

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, हे तवाच चालते जवा रानातले पतंग कमी असतात अन् सोडलेले कितीतरी पट जास्त. त्यांच्याकडे बीटी कपाशी (अळीले मारणारं विष जिच्यात असते ती) त्या अळीवर अजून काम करत होती, तिने आधी संख्या पाडली, वरून वांझ पतंग सोडले, अन् हंगाम संपला की शेत साफ. आपल्याकडं अळीने बीटी पचवली. अन् खरं सांगू का, आमचे लोक फरदड सोडत नाहीत. डिसेंबरात कपाशी उपटायची तर तिलेच पाणी देऊन मार्चपर्यंत चार बोंडं अजून घेतात, अळीले बारा महिने जेवण. आम्हीबी काय हौसेनं घेत नाही, गव्हाले पाणी नसते, हातात पैसा नसते, उभं पीक उपटवत नाही. तोवर कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पकडणारे) लावा अन् डोमकळ्या (अळीनं गुंडाळलेली फुलं) तोडा, एवढंच हातात आहे.

---

अळंबी

इतका वेळ नुसती वाचत होते. मी धिंगरी अळंबी करते, आमच्या धंद्यात गंमत अशी की एकाच पिशवीसाठी दोन्ही लागतं. स्पॉन (अळंबीचं बियाणं) करताना गहू किंवा ज्वारी ऑटोक्लेव्हमध्ये पूर्ण निर्जंतुक, एक जंतू राहिला तरी बाटली गेली. पण ज्या काडावर ती वाढवायची ते काड फक्त ८० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात बुडवून काढायचं. नवीन लोक हौसेने काडही कुकरला लावतात आणि मग उघड्या शेडमध्ये पिशव्या भरतात, आठवड्यात हिरवी बुरशी. पूर्ण रिकामं काड म्हणजे पहिला येईल त्याला आंदण. थोडे निरुपद्रवी जंतू राहिले तर ते बाकीच्यांना लगेच पाय पसरू देत नाहीत, तोवर आपली अळंबी काड धरते. शेडचं गणित आणि लॅबचं गणित वेगळं असतं, प्रशिक्षणात हे एका वाक्यात सांगून सोडतात आणि पैसे तिथेच बुडतात.

---

रावेरकर

आमची केळीची टिश्यू कल्चर रोपं पण अशीच काचेच्या बाटलीत येतात, लॅबमध्ये डोकं, हात, पाय झाकून मुली काम करतात. आणि केळं स्वतः बिनबियांचं, त्याला बी धरतच नाही, मुनव्यांवर (बुंध्याशी फुटणाऱ्या कोंबांवर) चालतं. स्टराइल (निर्जंतुक) लॅबमध्ये स्टराइल (वांझ) झाडाची लाखो पोरं.

---

पोपटी_शालू

खूप माहितीपूर्ण धागा, वाखू (वाचनखूण) साठवली. एक शंका, लॅबवाला सर. मी लसूण सोलून तेलात घालून ठेवते, पास्त्यात छान लागतो. बाटली आधी उकळून, पुसून, ओव्हनमध्ये पण ठेवली होती, म्हणजे डब्बल स्टरलाइज. मग बाहेर राहिली तर चालेल ना?

---

लॅबवाला

अजिबात नाही. बाटली कितीही उकळा, बीजाणू लसणाबरोबर मातीतून येतात. लसूण आंबट नाही, तेलाखाली हवा नाही, आणि ओट्यावरची ऊब. बॉट्युलिझमला याहून बरी जागा शोधून सापडणार नाही. लागेल तेवढंच करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.

---

पोपटी_शालू

अरे देवा. माझी बाटली गणपतीपासून कपाटात आहे. वास तर चांगला येतोय, चव बघून ठरवू का?

---

लॅबवाला

चव बघू नका! ते विष वासाला, चवीला कळत नाही. बाटली उघडू पण नका, तशीच पिशवीत बांधून कचऱ्यात टाका आणि हात धुवा.